खडे ओळखून मिळतील

आमच्या भाऊजींइतका खाली मान घालून चालणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यात विनयाचा भाग अजिबात नव्हता. ते दगड शोधत असत. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान लाखनीजवळच्या एका गावात पोस्टमास्तर होते. ताईला पाहायला आले तेव्हा बाकी सगळे ताईकडे बघत होते आणि नवरदेव अंगणातल्या पायरीकडे. आमच्या आजोबांना वाटलं, काय मर्यादशील मुलगा आहे! पोहे संपल्यावर त्या मर्यादशील मुलानं पहिलं वाक्य उच्चारलं, "ही पायरी कुठून आणली जी?" ताई पुढे जन्मभर म्हणायची, "तवाच ओळखाले पाह्यजे होतं मी."

सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत मी कॉलेजात होते आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जायची. घरात खाटेखाली, फळीवर, धानाच्या पोत्यांमागे दगडच दगड, आणि प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. त्यांचं सगळं ज्ञान नागपूरच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका पुस्तकातून आलं होतं. त्याची पहिली वीस पानं गायब होती, त्यामुळे लेखक कोण आणि सुरुवात कुठून करायची, हे दोन्ही भाऊजींना कधीच कळलं नाही. त्यांनी मधूनच सुरुवात केली आणि मलाही मधूनच शिकवलं. दगड आधी हातावर तोलायचा, मग फुटक्या बशीच्या खरबरीत बुडावर घासून रेघेचा रंग पाहायचा, मग चाकूनं ओरखडायचा, आणि शेवटी ताईची नजर चुकवून चाटायचा. "ओला झाला का खरा रंग दाखवते तो," असं त्यांचं म्हणणं. एकदा मँगनीजचा तुकडा चाटून ते तसेच पोस्टात जाऊन बसले. मनिऑर्डर घ्यायला आलेली म्हातारी त्यांचे काळे ओठ बघून घाबरली. "मास्तर, तुमाले काई चावलं का?" भाऊजींनी तिला दहा मिनिटं मँगनीज समजावून सांगितलं आणि अंगठा घ्यायचा विसरले.

एका वर्षी ताईनं न्हाणी बांधायची काढली. तोवर बांबूच्या तट्ट्याआड आंघोळी चालत. गवंडी ठरला, पायव्याला दगड हवा होता, आणि ताईला घरातच खाण दिसली. भाऊजींचा चेहरा उतरला. "अवं, एकेक दगड माणसाले शिकवते!"

"कोणाले शिकवते? आजवर एक जण तरी आला का शिकाले? साळी मोजाची नाही." साळी म्हणजे मेव्हणी, म्हणजे मीच. ताईनं निकाल दिला, "परवा मांडई आहे. दुकान लावा. दिवस बुडेपर्यंत एक जण जरी दगड शिकाले आला, तं ठेवा सारे. नाही तं दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन राहिला."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मांडई भरते. जिलेबीची दुकानं, फुगे, दंडारीच्या नाचाचा ढोल, आसपासच्या गावांतून आलेले पाहुणे. त्या गर्दीत भाऊजींनी टेबल मांडलं, दगड ओळीनं लावले आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लिहिली: 'खडे ओळखून मिळतील. मोफत.'

'खडे' या शब्दानं घात केला. पहिला आला तो बोटातली अंगठी पुढे करून. "याच्यानं पोराची नोकरी लागन का?" भाऊजींनी भिंग लावून पाहिलं आणि खरं ते सांगितलं, "काच आहे जी." तो माणूस संतापून निघून गेला. मग पोट धरून माणसं येऊ लागली. "मास्तर, माह्या खडा केवढा आहे तेवढं सांगा." दुपारी आंधळगावच्या एका म्हाताऱ्यानं कागदाची पुडी सोडली. "हा माह्याच पोटातला आहे. नागपूरच्या डाक्टरनं काढला." भाऊजी आनंदानं मोहरले. त्यांनी तो उचलला, उन्हात फिरवला, आणि सवयीनं तोंडाजवळ नेला. "खबरदार!" ताई इतक्या जोरात ओरडली की दंडारीचा ढोल थांबला.

ऊन उतरलं. दगड शिकायला कोणी आलं नव्हतं. ताई बाजूला बसून होती, पण जिंकल्याचा आनंद काही तिच्या तोंडावर दिसेना. तेवढ्यात जिलेबीचा पुडा हातात धरलेली एक बाई टेबलाशी थांबली. जवळच्या कायनाइटच्या खदानीत ती दगड फोडायच्या कामावर होती. तिनं नेमका तो निळा दगड उचलला, ज्याच्या चिठ्ठीवर भाऊजींनी नंबरापुढे एक शब्दही लिहिला होता. "याच्यावर का लिवलं जी?"

"शंका," भाऊजी म्हणाले. "एक दिवस नरम निंगते, एक दिवस कठीण. तीन चाकू बदलवले मी."

बाई खुदकन हसली. "शंका कायची मास्तर? उभा घासा, ओरखडा पडते. आडवा घासा, तुमचा चाकूच हरते. आमाले तं रोजचंच आहे."

भाऊजींनी चाकू घेतला. उभी रेघ उमटली. आडवी काही केल्या उमटेना. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा केलं, आणि मग उठून आपलं स्टूल तिच्यापुढे सरकवलं. "बसा बाई. अजून सांगा." ती सांगत गेली, कोणता दगड हातोड्याखाली वाजतो, कोणत्याची कुसळं बोटात शिरतात, आणि भाऊजी वहीत लिहीत गेले. जिलेबी गार झाली तरी दोघांचं लक्ष नव्हतं.

ती गेल्यावर भाऊजींनी वही मिटली आणि ताईसमोर येऊन उभे राहिले. "हरलो वं मी. शिकाले कोणीच नाही आलं. ते बाई तं शिकवून गेली. सांग गवंड्याले." त्यांच्या या प्रामाणिकपणाचा मला राग आला आणि रडूही आलं.

ताईनं रिकामं पोतं उचलून झटकलं. "एक जण तं शिकला न."

"कोण?"

"तुम्ही. चला, भरा आता पोतं."

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे ती खदानही बंद पडली म्हणे, आणि नाव न विचारल्याची हळहळ भाऊजींना शेवटपर्यंत होती. आता भाऊजी नाहीत. मला आठवते ती आमची घरी परतायची वाट. पोतं सायकलच्या कॅरिअरवर, ताईचा हात मागून पोत्याला, आणि भाऊजी तिला उभं-आडवं समजावून सांगताहेत. ताईनं तोवर त्यांच्या दगडांबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी ती मध्येच म्हणाली, "मंग?" आणि भाऊजी सायकल थांबवून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.