अंग धरायची पुडी

"अंगावर काय हाय वं तुह्या? दोरीवर वाळू घातली तं ओढनीएवढीबी दिसनार नाई तू."

जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत लग्नाच्या वयाची कुठलीही मुलगी आली की मावशी तिचं स्वागत असं करायच्या. बोलता बोलता तिचं मनगट अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरायच्या, बोटं एकमेकांवर किती चढतात ते बघायच्या आणि आईकडे वळून विचारायच्या, "खाऊ घालतं का नाई हिले?" मुलगी हसायची, आई कसनुशी व्हायची. भाजी घेतानाही मावशींची बोटं अशीच चालत. भोपळ्याशी मात्र त्या जरा अदबीनं बोलत.

मावशी सोयरिकी जमवायच्या. माहेर हिवरखेडचं, सासर अकोल्याचं, नवरा फार पूर्वी गेलेला. तेल्हाऱ्यापासून अमरावतीपर्यंत कुणाच्या घरी कोण लग्नाचं आहे, कुणाचा मुलगा पितो, कुणाची मुलगी चष्मा काढून फोटो काढते, सगळं तोंडपाठ. तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेलच. आपण तिला पाहून वाट बदलतो आणि घरात मुलगी मोठी झाली की तिच्याच दारात चहा प्यायला जातो.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझी थायरॉइड ग्रंथी कधीचीच मंदावली आहे, त्यामुळे रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि तरी जिन्यावरून उतरले की खालच्यांना कळतं. सामान चढवत होते त्या पहिल्याच दिवशी मावशींनी विचारलं, "मॅडम, तुमी जेवता का साठवता?" मला राग आला. संध्याकाळी एकटी असताना हसूही आलं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांच्या घरात पल्लवी होती. मावशींच्या बहिणीची मुलगी, आईबाप लहानपणीच गेले, मावशींनी वाढवलेली. बी.एस्सी. झालेली, एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. हसरी, भराभर चालणारी आणि काडीसारखी बारीक. जगातल्या सगळ्या मुलींची मनगटं मोजणाऱ्या बाईच्या घरातच हे मनगट होतं. मावशी तिला 'काडीपेटी' म्हणायच्या. जेवताना तिच्या ताटात तिसरी पोळी टाकून म्हणायच्या, "गिळ. तुले पाहून लोक म्हनतात, मावशी एकटीच खाते."

पल्लवीला बघायला मुलं येत आणि जात. "मुलगी चांगली आहे, पण अशक्त वाटते," असा निरोप यायचा. एकदा एका मुलाची आत्या आत स्वयंपाकघरात येऊन पल्लवीचं मनगट धरून म्हणाली, "हे पोरगी कूलरपुढं बसवू नका बापा, उडून जाईन." मावशी तिथेच पोहे वाढत होत्या. आयुष्यभर त्या जे दुसऱ्यांच्या मुलींना म्हणाल्या, ते कुणीतरी त्यांना वाढून दिलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी उरलेले पोहे पल्लवीसमोर आदळले आणि संपेपर्यंत तिला उठू दिलं नाही.

मग पुड्या सुरू झाल्या. तेल्हाऱ्याकडचा कुणी एक वैद्य म्हणे अंग धरायची पुडी देतो, शुद्ध जडीबुटी. कागदात बांधलेली पांढरी भुकटी, सकाळ-संध्याकाळ दुधातून. मावशी इतर मुलींनाही आणून द्यायच्या, पण पल्लवीला स्वतःच्या हातानं पाजायच्या.

आणि पल्लवीनं अंग धरलं. भूक अशी लागली की ऑफिसातून येता येता समोसे खाऊन यायची आणि घरी पुन्हा ताट घ्यायची. गाल वर आले, चेहरा गोल झाला. गल्लीतल्या बायका थांबवून म्हणू लागल्या, "काय तब्येत झाली वं तुही!" आपल्याकडे तब्येत झाली म्हणजे माणूस फुगला, एवढंच. मावशी ओट्यावर बसून हे कौतुक गोळा करत होत्या. "माह्या हातचं दूध हाय," म्हणायच्या.

मी वरून पाहत होते. चेहरा ताटासारखा गोल, पण हातपाय काडीचे काडीच. मानेच्या मागे मांसाचा उंचवटा. ओठांवर लव. एकदा कपडे वाळत घालताना तिचा कुर्ता वर गेला आणि पोटावर जांभळे ओरखडे दिसले, आतून कुणी नखं मारल्यासारखे. हे चित्र मी दरवर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवते. पहिल्यांदाच जिवंत पाहिलं, आणि ते आमच्या गच्चीवर गाणं गुणगुणत होतं.

मी खाली गेले. मावशींना सांगितलं, की ही जडीबुटी नाही, भुकटीत स्टेरॉइड आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. ती एक रस बनवते. तो रोजच्या जगण्याला लागतो. ताप, मार, धक्का, दुःख आलं की जास्त लागतो. रक्तात कमी पडला की मेंदू हुकूम सोडतो आणि ग्रंथी कामाला लागते. तसाच रस बाहेरून आयता यायला लागला की मेंदू हुकूम देणं थांबवतो आणि ग्रंथी निजते.

"घरात रोज बाहेरून डबा आला तर चूल कोण पेटवणार, मावशी? आणि मग एक दिवस डबा आला नाही तर? चूल तोवर मोडलेली असते. म्हणून पुडी एकदम बंदही करू नका. डॉक्टरला दाखवून हळूहळू कमी करायची."

मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि ओट्यावरच्या बायकांकडे वळल्या. "ऐकलं का वं? घ्यायचीबी नाई आन् सोडायचीबी नाई. कालेजात हेच शिकवतात!"

बायका खदखदून हसल्या.

"मॅडम, तुमाले रोज गोळी लागते ना? मंग तुमची गिरंथी काय करून राह्यली?"

"माझी आधीच निजलेली आहे."

"मंग निजलेल्यानं जागलेल्याले शिकवू नये." आणि मग आवाज खाली आणून, फक्त मला, "दवाखान्यात नेलं म्हंजे पोरीले रोग हाय. रोग हाय म्हंजे लग्न नाई. तुमचं झालं नाई, तुमी राह्यल्या. तिले मी तसं राहू देनार नाई."

मी पल्लवीलाही सांगितलं. ती आरशात बघत म्हणाली, "ताई, पहिल्यांदा कोनी मले चांगली म्हनून राह्यलं. थोडे दिवस राहू द्या ना."

त्याच गोल चेहऱ्यावर अमरावतीचं स्थळ पक्कं झालं. मुलगा बँकेत, सासू निवृत्त मुख्याध्यापिका, घर स्वतःचं. सासूनं पल्लवीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "निरोगी आहे. आमच्याकडे हे बघतात." साक्षगंध झालं, उन्हाळ्यात लग्न झालं. मांडवात मावशी इतक्या रडल्या की बघणाऱ्याला त्या काडीपेटी म्हणायच्या हे खरं वाटलं नसतं. पल्लवीचे गाल दोन्ही हातांत धरून सोडतच नव्हत्या.

आणि पुडी त्यांनी लग्नाच्या दिवशीच बंद केली. सासरी सामानात सापडली तर काय सांगायचं? "आता काय गरज हाय?" मला म्हणाल्या. "काम झालं." मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, फक्त या वेळी हसायला बायका नव्हत्या.

थोड्याच दिवसांत अमरावतीहून बातमी आली. पल्लवीला उलट्या होतात, अन्न नको वाटतं, उठवत नाही, चक्कर येते. दोन्ही घरांनी एकाच वेळी एकच अर्थ लावला. सासूनं किट आणलं, ते नाही म्हणालं, तर किटच खराब ठरलं. मावशींनी गल्लीत पेढे वाटले. मलाही वर आणून दिले. "घ्या मॅडम. झोपलेल्या गिरंथीनं पाळना हलवला."

पेढा मी टेबलावर ठेवला. मी त्यांचा हात धरून सांगितलं, की हे दिवस गेलेले नाहीत, ही मुलगी मरते आहे. ताबडतोब दवाखान्यात न्या आणि पुडीचं सांगा. मावशींनी हात सोडवून घेतला. "तोंडाले आवर घाला," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पल्लवी न्हाणीघरात पडली होती, दवाखान्यात होती, शुद्धीवर नव्हती.

मावशी जिना चढून माझ्या दारात आल्या. एवढी वर्षं त्या कधी धापा टाकताना दिसल्या नव्हत्या. "चला माह्यासंगं. तिथं समदे शिकलेले हायत. तुमी बोला त्यायच्याशी." बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडलं. तेव्हा मावशी खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "पुडीचं नाव काढायचं नाई. माह्या गळ्याची आन हाय तुमाले."

मी हो म्हटलं नाही.

पल्लवी पांढरीफटक पडली होती. रक्तदाब लागत नव्हता. तरुण डॉक्टर घामाघूम झाला होता, ऊन म्हणावं की संसर्ग ते त्याला कळत नव्हतं. त्यानं विचारलं, "आधी काही औषध चालू होतं का? गावठी, आयुर्वेदिक, काहीही?" सासू शेजारी उभी. नवरा भिंतीला टेकून मोबाइल बघत. मावशी ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाई. माह्या पोरीनं डोक्याची गोळीबी खाल्ली नाई आजवर."

हे त्यांनी पल्लवीच्या पायावर हात ठेवून सांगितलं.

मी म्हटलं, "रोज स्टेरॉइड होतं. सहा-सात महिने. लग्नाच्या दिवशी एकदम बंद केलं."

डॉक्टर पुढचं ऐकायला थांबला नाही. शिरेतून इंजेक्शन गेलं, सलाइन धावलं. दुपारी पल्लवीनं डोळे उघडले, संध्याकाळी ती उठून बसली आणि भूक लागली म्हणाली. तोवर सासूनं तिचे कपडे बॅगेत भरून आणले होते. "पुडीवर फुगवलेली मुलगी दिलीत तुम्ही आम्हाला," ती शुद्ध भाषेत म्हणाली. "आम्ही निरोगी मुलगी मागितली होती." नवऱ्यानं बॅग पलंगाखाली नीट सरकवून ठेवली, एवढंच त्यानं बायकोसाठी केलं.

पल्लवी परत आली. आता रोज त्याच रसाची गोळी, डॉक्टरांनी मोजून दिलेली, एकही दिवस चुकवायची नाही. ग्रंथी कधी जागी होईल ते डॉक्टरांनाही सांगता येईना. चेहऱ्यावरची सूज हळूहळू उतरली. मावशींचा धंदा बसला. ज्या मुलींना पुड्या दिल्या होत्या त्यांच्या आया दारात येऊन भांडून गेल्या. वैद्य गाव सोडून गेला, त्याच्याशी कुणाला भांडता आलं नाही.

मावशी माझ्याशी बोलेनात. एके दिवशी मीच खाली गेले. पल्लवी भेंडी चिरत बसली होती. मी म्हटलं, "मावशी, मी बोलले नसते तर ही आज नसती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मरती तं सवाशीन मरती," म्हणाल्या.

पल्लवीची सुरी क्षणभरही थांबली नाही. मला त्या बाईचा गळा दाबावासा वाटला, हे मी इथे लिहून ठेवते. आणि हेही लिहिते, की दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक सकाळी, खालून त्यांचाच आवाज यायचा: "घे वं महारानी, गोळी घे. मेली तं खांदा द्याले मानूस नाई आपल्याकडं." एकदा पल्लवी गोळी घ्यायला विसरून तशीच ऑफिसला निघाली, तर गोळी मुठीत घेऊन त्या अनवाणी चौकापर्यंत तिच्यामागे धावल्या. भर रस्त्यात तिचं तोंड उघडायला लावून त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि शिव्या देत परतल्या. असं प्रेम पाहिलं की आपल्याला त्या माणसाचा धड रागही करता येत नाही.

मावशी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. दुपारी कूलरसमोर बसून फोनवर कुणालातरी घालूनपाडून बोलत होत्या, बोलता बोलता थांबल्या. पलीकडचा माणूस बराच वेळ हॅलो हॅलो करत होता, असं नंतर कळलं.

मी पल्लवीला ऑफिसातून बोलावून घेतलं. ती आली तेव्हा खोली बायकांनी भरली होती, मावशींना खाली घेतलं होतं. बायकांनी तिला वाट करून दिली आणि पदर सावरून त्या तिच्या रडण्याची वाट पाहू लागल्या.

पल्लवी मावशींच्या पायाशी दोन क्षण उभी राहिली. मग वळली आणि आत स्वयंपाकघरात गेली. डबा उघडल्याचा आवाज आला.

"पाह्य वं," माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "माय मेली आन् हे गोळी खाऊन राह्यली. काळीज हाय का दगड?"

मी आत गेले. ती ओट्याला धरून उभी होती, पाकिटातून गोळी निघत नव्हती. डॉक्टरांनी तिला बजावून ठेवलं होतं, ताप आला किंवा मोठा धक्का बसला तर आधी दुप्पट गोळी, मग बाकीचं. तुमचं-माझं शरीर दुःख सोसायला लागणारा रस आपलं आपण सोडतं. तिला तो गिळावा लागत होता. मी दोन गोळ्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या, माठातून पाणी दिलं. तिनं त्या गिळल्या, घशाखाली उतरल्याची खात्री केली आणि पेला पालथा घालून ठेवला.

"आता रडू का, ताई?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं, आणि ती बाहेर गेली.