डेपोकाकांनी माझ्या हातात दिलेला पाना

डेपोकाका माणसाचा चेहरा नंतर बघायचे, आधी त्याच्या गाडीचे टायर. ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत कुणी नवं राहायला आलं की ते पार्किंगमध्ये उकिडवे बसून चाकांवरून तळवा फिरवत आणि सांगत, "हा माणूस ब्रेक फार जोरात मारतो." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. खोपटच्या बस डेपोत त्यांची सगळी नोकरी चाकांशी झटण्यात गेली होती, म्हणून ते डेपोकाका.

मी एक्केचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले आणि एक जुनी लाल गाडी घेतली. तिसऱ्याच दिवशी काका दारात. "अगं स्नेहल, तुझे पुढचे टायर घासलेत, मागचे जवळजवळ कोरे आहेत. अदलाबदल करू, म्हणजे चारही सारखे झिजतील. रविवारी सकाळी ये खाली." मला वाटलं, ते करतील आणि मी बघेन. रविवारी त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः खुर्ची टाकून बसले.

ती सकाळ आठवली की अजून अंगात उत्साह येतो. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. "गाडी खाली आहे तोवरच नट सैल कर," काका म्हणाले. "उचलल्यावर जोर लावलास तर ती जॅकवरून घसरेल." नट ढिम्म हलेना. शेवटी पान्यावर पाय देऊन सगळं वजन टाकलं आणि कट्‌ आवाज करून तो सुटला. मी जागच्या जागी उडी मारली. स्टेपनी मध्ये घालून आम्ही एकेक चाक बदलत गेलो. बाल्कनीतून बघणाऱ्या दोघींनी त्याच संध्याकाळी काकांकडे आपापला नंबर लावला.

काकांचा एक हट्ट होता. काढलेलं चाक भिंतीला टेकवायचं नाही, उचललेल्या गाडीच्या कडेखाली आडवं सरकवायचं. "हवेतली गाडी कुणाचीच नसते," ते म्हणायचे.

काही महिन्यांनी पुन्हा वेळ आली, तेव्हा मला सगळं येतंय अशा थाटात मी कामाला लागले. काढलेलं चाक बाजूला उभं केलं. काका उठले, ते चाक गाडीखाली सरकवलं आणि परत जाऊन बसले. किती ती भीती, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात एक नट घरंगळत आत गेला, म्हणून मी हात घातला.

"हात काढ," काका ओरडले. पण जॅकखालचा पार्किंगच्या फरशीचा ब्लॉक खचला होता. गाडी धाडकन खाली आली आणि त्या आडव्या चाकावर अडकली. माझा हात कोपरापर्यंत आत होता. मी तो बाहेर काढला. त्याला खरचटलंही नव्हतं.

काकांनी आधी माझा हात उलटसुलट करून पाहिला. पाणी प्यायल्यावर हळू आवाजात म्हणाले, "गावी माझ्या धाकट्या भावाने जीप नुसत्या विटांवर ठेवली होती. तो वाचला नाही." मग ते उठले. "चल, राहिलेलं पुरं कर. आज सोडलंस तर पुन्हा कधी हात लावणार नाहीस." जॅकखाली जाड फळी टाकून मी ते काम पूर्ण केलं.

पुढे गुडघे दुखायला लागले तसे काका मुलाकडे टिटवाळ्याला गेले. त्यानंतर पहिल्यांदाच मी एकटीने चारही चाकांची अदलाबदल केली आणि तडक गाडी घेऊन त्यांना दाखवायला निघाले. ते काठी टेकत खाली आले. पाना मागून घेतला आणि एकेक नट तपासला. एकही जागचा हलला नाही. मला इतका आनंद झाला की मी त्यांना म्हटलं, "काका, चला ना, कल्याणपर्यंत चक्कर मारू."

त्यांचा मुलगा दारातून हसत म्हणाला, "ताई, सांभाळून हं. बाबा कुणाच्याच गाडीत स्वस्थ बसत नाहीत. सारखे आवाज ऐकत असतात."

त्यानंतर काकांची भेट झाली नाही. दिवाळीच्या आधी ते गेल्याचा फोन आला. पण त्या दिवशी ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला, दोन मिनिटं कान देऊन चाकांचा आवाज ऐकला, आणि कल्याण यायच्या आत गाढ झोपून गेले.