चौदाव्या पानावरची सही

“ताई, हात मागं बांधा आन् गप उभ्या ऱ्हावा.”

हवालदार जगदाळे माझ्याशी बोलले ते हे पहिले वाक्य. कारखान्यात येऊन मला जेमतेम महिना झाला होता, गणितातल्या पदवीची हवा अजून डोक्यात होती, आणि कारखान्याच्या टेलिफोनच्या कामावरून आमच्या खात्यात बदली होऊन आलेला एक माणूस मला शाळेतल्या पोरीसारखे उभे राहायला सांगत होता. मला राग आला. पण त्या आवाजात असे काही होते, की माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

सत्तरचे दशक संपत आले होते. पलूसच्या बाजूच्या आमच्या साखर कारखान्याने पुण्याहून वापरलेला संगणक आणला होता. तीन कपाटे शेजारी शेजारी ठेवावीत एवढा त्याचा पसारा. मी सांगलीच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, त्या खोलीत प्रोग्राम लिहायचे. हवालदार कोरेगाव तालुक्यातले. सैन्यात बिनतारी संदेशांच्या कामावर उमेदीची वर्षे घालवून आलेले. डिस्क ठेवायच्या कपाटाची किल्ली भरवशाच्या माणसाकडे असावी म्हणून आमच्या खात्याच्या साहेबांनी त्यांना आमच्याकडे धाडले. पंधरा दिवसांत किल्ली राहिली बाजूला आणि हवालदार माझ्याच मानगुटीवर बसले.

त्याला कारण एक वही. केकच्या डब्याएवढी डिस्क यंत्रावर नुसती बसवून संगणकाला ती दिसत नसे. ही डिस्क अमुक नावाने जोडून घे, नुसती वाच किंवा तिच्यावर लिहीही, काम झाले की सोडून दे, असे प्रोग्राममधून त्याला सांगावे लागे. असे प्रत्येक सांगणे म्हणजे एक हाक, असे आम्ही म्हणायचो. या हाकांचे इंग्रजी पुस्तक यंत्राबरोबर आले होते. ते मी मराठीत लिहून काढावे, खोलीतल्या कुणालाही ते बघून काम करता यावे, आणि हे सगळे हंगामाच्या आत व्हावे, असा साहेबांचा हुकूम होता. कारण साऱ्या गावांच्या उसाची नोंद त्या डिस्कवर होती. कुणी कुठल्या रानात कधी लागण केली, त्यावर कुणाकडे तोडणी आधी जायची हे ठरणार होते. ती यादी बिघडली असती, तर कुणाचा तरी ऊस उन्हाळ्यापर्यंत रानातच वाळत उभा राहिला असता.

तर त्या दिवशी मी लिहिलेले पहिले पान हातात घेऊन हवालदारांनी डिस्क बसवली. यंत्रावरचा दिवा लागेना. ते कागद धरून थांबले ते थांबलेच. झाकणाची खिट्टी नीट बसली नव्हती, मला लांबून दिसत होते. शेवटी राहवेना.

“काका, खिट्टी दाबा की.”

“कागदावर न्हाई.”

“एवढं समजतंच की.”

“तुमास्नी समजतंय व्हय? मग वही कुणासाठी लिवताय?” पान माझ्या हातात देऊन ते म्हणाले, “माणूस अडला तर कागद चुकला, ताई. माणसाला बोल लावायचा न्हाई.”

हा नियम त्यांनी सैन्यातून आणला होता. तिथे यंत्र चालवायची रीत एकाने लिहायची, दुसऱ्याने ती वाचून यंत्र चालवायचे, आणि लिहिणाऱ्याने हात मागे बांधून तोंड मिटून बघायचे. “मी पडलो तर मागल्यानं कागद बघून सेट चालवाय पायजे. त्येला इचाराय मी कुठला गावतोय?” ते म्हणायचे. पान असे पार पडले की खाली ‘करून पाहिले’ असे लिहून, करणाऱ्याने सही करायची. सही नाही ते पान वहीत असले तरी नसल्यासारखे.

पहिल्या पानाला सही मिळायला मला पाच वेळा ते लिहावे लागले. नंतर त्यांनी आणखी एक खूळ काढले. हाक निळ्या शाईने लिहायची, आणि ती चुकली तर यंत्र काय उत्तर देते व मग काय करायचे, हे लाल शाईने. इंग्रजी पुस्तकात सगळे सुरळीत झाले तर काय होते एवढेच होते. हवालदार पान हातात घेतले की आधी लाल शाई बघायचे. “लाल लय कमी हाय. हाक मारली आन् ओ आली न्हाई, तर माणसानं काय करायचं? त्येच तर लिवायचं असतंय.” मग आम्ही मुद्दाम चुका करायचो. चुकीचे नाव द्यायचो, रिकाम्या यंत्राला हाक मारायचो, वाचायला जोडलेल्या डिस्कवर लिहायला जायचो, आणि प्रत्येक वेळी यंत्र काय म्हणते ते टिपायचो. या खेळासाठी त्यांनी एक जुनी डिस्क मागून घेतली होती. तिच्यावर त्यांनी एका बोटाने टाईप करून आपल्या पलटणीतल्या साथीदारांची नावे आणि गावे भरली होती.

आमचे भांडण झाले ते चौदाव्या पानावर. अचानक वीज गेली, तर परत आल्यावर डिस्क लिहायला जोडून घ्यायला यंत्र तयार नसे. ‘ही आधीच जोडलेली आहे’ असे त्याचे उत्तर येई. त्यावर इंग्रजी पुस्तकात एका ओळीत उपाय होता, की जबरीची, म्हणजे काही न तपासता जोडून घे अशी, खूण लावून तीच हाक पुन्हा द्यावी. मी ते तसेच उतरवले. हंगाम तोंडावर आला होता, साहेब रोज विचारत होते.

“ह्ये करून बघितलं?”

“काका, छापील पुस्तकात आहे. ते काय खोटं लिहितील?”

“खोटं कोण म्हणतंय? बघितलं का, एवढंच इचारतोय.”

मी चिडून म्हटले, तुमच्या हट्टापायी वही वर्षभर पुरी होणार नाही. त्यांनी आपली पलटणीची डिस्क बसवली, चालू कामात खटका पाडला, वीज परत दिली, आणि माझे पान बघून जबरीची हाक दिली. डिस्क झटकन जोडली गेली. मी जिंकल्यासारखी हसले. मग त्यांनी यादी छापायला सांगितली. अर्धी नावे गायब होती, उरलेल्यांतली कितीतरी एकमेकांत घुसली होती. एकाचे नाव, दुसऱ्याचे गाव. हवालदारांनी तो कागद उचलला.

“माज्या पलटणीची पार वाट लावली गं ह्या हाकेनं,” ते हळूच म्हणाले. माझ्याकडे बोट मात्र दाखवले नाही. उसाची यादी अशी झाली असती तर! मी वहीतली ती ओळ खोडून टाकली.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी त्या एका पानावर घालवले. आधी डिस्क नुसती वाचायला जोडायची, तपासणीचा प्रोग्राम चालवायचा, वीज जाताना राहून गेलेली ‘जोडलेली आहे’ ही खूण पुसायची, डिस्क सोडायची, आणि मगच लिहायला जोडायची. निळ्या सात ओळी, लाल एकोणीस. पण सही करायला हवालदार तयार होईनात. “ह्यात माजं डोकं गेलंय. माजी सही चालत न्हाई. दुसऱ्यानं केलं पायजे, आपण गप बसून.” दुसरा म्हणजे सदाशिव, आमचा ऑपरेटर, पूर्वी वजनकाट्यावर ऊस मोजणारा. तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. तो परत यायच्या आत हवालदारांच्या छातीत कळ आली आणि त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेले.

सदाशिव परत आला, पण पान करून बघायच्या आत हंगाम सुरू झाला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, उसाची डिस्क जोडलेली असताना वीज गेली. परत आली तेव्हा यंत्राने तेच उत्तर दिले. साहेब धावत आले. सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि माझे हात यंत्राकडे निघाले होते. मी ते मागे बांधले.

“सदाशिव, चौदावं पान काढ,” मी म्हटले.

“मी? बाई, तुमीच करा की. माजं चुकलं बिकलं तर?”

“चुकलं तर पान चुकलं.”

तो एकेका ओळीवर बोट ठेवत गेला. चौथ्या ओळीला यंत्राने नकार दिला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी ओठ दातांखाली धरले. मग त्याची नजर लाल शाईकडे गेली, त्याने ती ओळ वाचली, तसे केले आणि पुढे गेला. यादी छापून आली तेव्हा साहेबांनी ती वरपासून खालपर्यंत तपासली. एकही नाव हललेले नव्हते.

संध्याकाळच्या एसटीने सदाशिव आणि मी वही घेऊन मिरजेला गेलो. हवालदार उशीला टेकून बसले होते, फार वाळले होते. मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि सदाशिवला विचारले, “बाई काय बोलल्या मधी?”

“एक अक्षर न्हाई, काका.”

“हात?”

“मागं हुतं. घट्ट.”

हवालदारांनी डोळे मिटले आणि ते हसले. मग वही उघडून सदाशिवपुढे धरली. त्याने सही केली, रेघ जरा वाकडी आली. वही परत घेऊन ते त्या पानावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले.

दहा दिवसांनी ते गेले. पुढे मी मोठ्या शहरांत, मोठ्या यंत्रांवर आयुष्य काढले आणि पुष्कळ पुस्तिका लिहिल्या. लोक चांगल्या म्हणाले, आणि मला त्याचा अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पण खरा अभिमान त्या वहीचा आहे. ते गेल्यानंतर आणखी सहा हंगाम ती कारखान्यात चालली. त्यातले चार हंगाम मीही तिथे नव्हते. एकदा सहज फोन करून सदाशिवला विचारले, वीज जाते का रे अजून?

“लय येळा जाती,” तो म्हणाला. “पण तुमास्नी इचारायची पाळी आली न्हाई.”