न मारताच दिलेला चेंडू

वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला की सातपाटीतली एक दुपार आठवते. मी पालघरच्या साप्ताहिकासाठी बायकांच्या आंतरराष्ट्रीय सांघिक गोल्फ स्पर्धेची ओळख लिहीत होते. काठीवर बोंबील टाकणाऱ्या आईला मी सांगितलं, की चेंडू होलजवळ असला तर समोरचा संघ तो न मारताच आत गेला असं मान्य करू शकतो. तिचे हात थांबले. "फुकट कोन देतं? आधी देऊन सवय लावतील, शेवटी नाय देनार." मला पटलं नाही, तरी वाक्य लेखात घातलं. शेवटच्या दिवशी आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. दिवसभर सगळे जवळचे चेंडू न मारताच देणाऱ्या संघाने निर्णायक क्षणी, वीतभर अंतरावरचाही, चेंडू दिला नाही. समोरच्या संघातल्या मुलीला तो मारावा लागला, चेंडू होलच्या कडेवरून निसटला आणि तिचा संघ हरला. तेव्हापासून न मागता कुणी काही दिलं, की मी ते घ्यायच्या आधी देणाऱ्याचा चेहरा बघते.