उपाशीपोटी देवरायनदुर्गाच्या पायऱ्या

मांडीतून नळी घालून माझ्या हृदयाच्या ठोक्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून माझा प्रवास बंगळुरातल्या आमच्या जवळच्या बनशंकरीच्या देवळापलीकडे गेला नव्हता. धडधड परत सुरू झाली तर, ही भीती. शेवटी मीच ह्यांना म्हटलं, "शनिवारी देवरायनदुर्गाला जाऊ. पायांनी डोंगर चढून येईन असं तिथल्या नरसिंहाला बोललेय."

मॅजेस्टिक बसस्टँडवरून तुमकूरची साधी बस धरा. आधार कार्ड दाखवलं की बायकांना पैसे पडत नाहीत, खर्च फक्त ह्यांचा. पुढे डोंगराकडे बस कमी. ऑटोवाल्याशी घासाघीस करून मी भाडं बरंच खाली आणलं.

"ऑपरेशननं आवाजाला काही झालेलं दिसत नाही," हे म्हणाले.

बसमध्ये ह्यांनी विचारलं होतं, "गोळी घेतलीस?" रक्त पातळ ठेवणारी गोळी. सकाळी खाऊन घ्यायची, चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"दर्शन होऊ दे. उपास आहे." पाणीसुद्धा घेतलं नव्हतं मी.

गाडीरस्ता बराच वर जातो, मग पायऱ्या. माकडं पिशव्या ओढतात, खाऊ आत ठेवा. अर्ध्यावर माझ्या छातीत धडधड सुरू झाली. उभी राहिले तरी कमी होईना. ऑपरेशनआधी अशीच यायची, मग डोळ्यांपुढे अंधारी. मी कठड्याला टेकले. काकडी विकणारी बाई टोपली सरकवून म्हणाली, "अक्का, स्वल्प कूत्कोळ्ळी." जरा बसा, म्हणत होती. मी मटकन बसले.

"खाली जाऊ," हे म्हणाले.

"अर्ध्यातून? मी बोललेय देवाला."

"देवाला मी सांगतो. तू आधी पाणी पी."

ह्यांनी मनगट धरलं. "ठोके जोरात आहेत, पण एकसारखे पडतायत."

"नक्की?"

"माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः बघ."

बघायचा धीर होईना. वर कळस दिसत होता. बाटली ह्यांच्या हातात होती. मी पाणी प्यायले, दोन केळी खाल्ली, गोळी गिळली. हळूहळू ठोके उतरले, मग मीच बोट ठेवलं. एकामागून एक, सारख्या अंतरानं.

बसत बसत वर पोचलो. पुजाऱ्यांना सांगितलं, उपास मोडलाय, तीर्थ चालेल का?

"सरी अम्मा, हात पुढे करा," ते म्हणाले.

सोमवारी दवाखान्यात फोन केला. नर्स रागावली. पायऱ्या चढल्यावर कुणाचंही धडधडतं, म्हणाली, पण रिकाम्या पोटी, पाण्याशिवाय, वर गोळी लांबवून असलं परत करायचं नाही.

भीती गेली असं लिहिणार नाही. जिना चढले की अजून मनगट चाचपते. पण ठोके एकसारखे लागले की पुढची पायरी चढते. परवा शनिवारी आधी उपमा खाल्ला, गोळी घेतली आणि मग देवापुढे बसले. बोटांना फोडणीचा वास होता. तसेच हात जोडले.