भरल्या पोटी बंद पडणारी गाडी

माझ्या मोठ्या नणंदबाईंनी आजवर एकाही यंत्राला यंत्र म्हणून वागवलेलं नाही. पंखा असो, पाण्याची मोटर असो की त्यांची ती म्हातारी पांढरी गाडी, त्यांच्या लेखी सगळे पेशंट. जन्मभर रामदासपेठेत होमिओपॅथीचा दवाखाना चालवल्याचा हा परिणाम, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर ताई मुळातच तशा होत्या आणि दवाखाना हा त्याचा परिणाम. लग्न होऊन मी सांगलीहून नागपुरात आले त्याच आठवड्यात सासूबाईंची शिलाई मशीन अडली. ताई तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि सासूबाईंना विचारू लागल्या की हिला हे कधीपासून होतंय, सकाळी जास्त की संध्याकाळी, जाड कापड सोसत नाही की पातळ, आणि हे सुरू व्हायच्या आधी हिच्या आयुष्यात काय नवीन घडलं. सासूबाई म्हणाल्या, गोधडी शिवली होती. ताईंनी मान डोलावली, सुई काढली, ती वाकलेली होती. मी तेव्हा पदराआड हसत होते. बी.एस्सी. झालेली नवी नवरी मी, मला वाटलं, या घरात विज्ञान माझ्याबरोबरच आलंय.

ताईंच्या पर्समध्ये पांढऱ्या गोळ्यांच्या बाटल्या असतात, आणि एक कांदा. नागपूरच्या उन्हात बाहेर पडताना कांदा जवळ ठेवावा, ऊन बाधत नाही, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. पण एक कांदा स्वतःसाठी आणि दुसरा गाडीच्या खणात गाडीसाठी, हे फक्त ताई करतात. एकदा सदरच्या चौकात सिग्नल तोडला म्हणून हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. ताईंनी काच खाली केली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जीभ दाखव गा." त्याने दाखवली. भर चौकात, शिट्टी हातात धरून. पुढची पंधरा मिनिटं तो आपल्या पित्ताची हकीकत सांगत होता आणि मागे वाहतूक तुंबली होती. दंड मात्र त्याने घेतला. ताईंना त्याचंच कौतुक वाटलं. परतताना म्हणाल्या, मुळात प्रकृती चांगली आहे पोराची.

गाडी आणली ती ताईंच्या यजमानांनी. तेव्हा मी ऐन तिशीत होते आणि त्या गाडीत पुढच्या सीटवर काळा गॉगल लावून बसणं हा माझा आवडता छंद होता. सदरमधून जाताना ओळखीचं कोणी दिसावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसे; आणि ओळखीचं माणूस दिसलं की गाडी हमखास आचके देऊन थांबे. मग मी सीटवरून घसरत घसरत पार खाली जाई. नुसता गॉगल काचेवर तरंगताना दिसत असेल लोकांना. गाडीबद्दल मला एकच शब्द ठाऊक होता, आणि तो मी दर वेळी मोठ्या अधिकाराने उच्चारी: कार्बोरेटर. एकदा टायर पंक्चर झालं होतं तेव्हाही मी खालूनच कार्बोरेटर म्हणाले होते. ताईंनी त्याबद्दल मला कधी टोकलं नाही. पेशंटच्या नातेवाइकांना काहीतरी म्हणू द्यावं लागतं, असं त्यांचं मत.

ताईंचे यजमान गेले, मागोमाग माझेही गेले, दवाखाना बंद झाला, आणि गाडी राहिली. रामटेकला ताईंची शाळेपासूनची मैत्रीण आहे, गुडघ्यांनी तिला घरात जखडून ठेवलंय. दर गुरुवारी आम्ही दोघी तिच्याकडे जातो. ताई चालवतात, मी शेजारी बसते, गॉगल अजून आहे. ती मैत्रीण सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून ओसरीत बसलेली असते. आम्ही जातो, तांदळाची खिचडी खातो, तिघी मिळून जुन्या मुख्याध्यापिकेची नक्कल करतो आणि उन्हं उतरली की परततो. एवढंच. पण ताईंचा आठवडा गुरुवारपासून गुरुवारपर्यंत चालतो, आणि माझाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या गाडीला नवंच दुखणं जडलं. छान चालता चालता कामठीच्या पुढे ती एकाएकी गप्प झाली. किल्ली फिरवली की घरघर करायची, पण इंजिन पेट घेईना. आम्ही दोघी तोंडाला दुपट्टे गुंडाळून बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसलो. बऱ्याच वेळाने ताईंनी सहज किल्ली फिरवली आणि बाईसाहेब अशा सुरू झाल्या जणू काही घडलंच नव्हतं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मेकॅनिकने प्लग बदलले, पेट्रोलचा पंप तपासला, कार्बोरेटरसुद्धा साफ केला (माझी मान त्या दिवशी ताठ होती), आणि दर वेळी सांगितलं, "बाईजी, गाडी एकदम ओके आहे." त्याच्या गॅरेजमध्ये ती खरंच ओके असायची. डॉक्टरसमोर ज्यांचा ताप उतरतो अशा पेशंटांपैकी ती.

तिसऱ्यांदा ती बंद पडली ती उड्डाणपुलावर, भर दुपारी, ताई एकट्या असताना. त्यात त्यांचा फोन पर्सच्या तळाशी, कांद्याखाली. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, फोन लावून लावून अर्धा झाला. संध्याकाळी घरी येऊन तो बसलासुद्धा नाही. उभ्यानेच म्हणाला की रविवारी गाडी बघायला माणूस येणार आहे, त्याने घेतली तर ठीक, नाहीतर भंगारात. रामटेकला जायचं तर तो सवड काढून नेईल. भाच्याची सवड कशी असते ते आम्हाला ठाऊक होतं. दिवाळीला एकदा, आणि तीही अर्धीच. ताई वाद घालायच्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "निदान होऊ दे. निदानाआधी पेशंट सोडत नसतात."

शनिवारी सकाळी त्यांनी मुद्दाम टाकी भरली आणि गाडी फिरवायला काढली. रामदासपेठेला एक वळसा पूर्ण होतो न होतो तोच ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. भाचा, मेकॅनिक आणि इस्त्रीवाला यांनी ढकलत पोर्चमध्ये आणली. ताईंनी खुर्च्या मांडायला लावल्या आणि सगळ्यांची साक्ष सुरू केली. उन्हात वाढतं का? वाढतं. पण दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा ढग होते, हे मला आठवलं. विश्रांतीने बरं वाटतं का? हो, दर वेळी. उपाशी असताना होतं की भरल्या पोटी? मेकॅनिक हसला, पण विचार करून म्हणाला की टाकी भरलेली असते तेव्हा लवकर होतं खरं. ताईंचे डोळे चमकले. भाचा सारखा घड्याळ बघत होता, आणि मला तर घरी वरणाची काळजी लागली होती. मी कुरकुरत म्हणाले की ताई, आवरा आता, माझा कुकर महिना झाला वाफ धरत नाही, डाळ शिजायला दुपार होते, खिळ्याला अडकवलेली नवीकोरी रिंग कुठे गडप झाली देव जाणे.

ताईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"कधीपासून वं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, अक्षय तृतीयेच्या सुमारास.

त्या उठल्या, गाडीच्या मागे गेल्या आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवू लागल्या. ते हलेना. मेकॅनिकने जोर लावला तेव्हा सुटलं, आणि टाकीने असा लांब श्वास आत ओढला की पोर्चमधल्या सगळ्यांना ऐकू आला. झाकणाच्या आतून माझ्या कुकरची रिंग निघाली. कापलेली, पेट्रोलने फुगलेली, बुचासारखी घट्ट बसलेली. उन्हाळा लागला तेव्हा ताईंना गाडीत पेट्रोलचा वास आला होता. औषधाची बाटली सैल राहिली की गुण उडून जातो, हा त्यांच्या विद्येचा पहिला धडा. त्यात नागपूरचं ऊन. झाकणाला बारीकसं भोक दिसलं, ते मोडलं असेल समजून त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातली रिंग जुनी म्हणून उचलली आणि किडका दात बुजवावा तसं ते बुजवून टाकलं. मेकॅनिकने कपाळावर हात मारला. त्या भोकातूनच तर टाकी श्वास घेते. पेट्रोल कमी होतं तशी हवा आत जावी लागते, नाहीतर पेट्रोल पुढे सरकतच नाही. थांबलं की हवा कुठूनतरी हळूहळू शिरते, मग पुन्हा सुरू. आणि भरलेल्या टाकीत मुळात हवाच कमी, म्हणून तिथे दम लवकर कोंडतो.

दुसरं कोणी असतं तर रिंग गुपचूप मुठीत दाबली असती. मी तर नक्कीच दाबली असती, आणि वर कार्बोरेटर म्हणाले असते. ताईंनी ती सगळ्यांसमोर धरली. "हे माझ्या हातून झालं," त्या म्हणाल्या. "पेशंटचा दोष नाही."

भाच्याला तेच हवं होतं. तो म्हणाला, "म्हणजे तूच बिघडवलीस, आई. उद्या आणखी काहीतरी करशील."  दुपारी दोन वाजता ताईंनी त्याला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. उड्डाणपुलावर बंद पडली ती दुपारी, तर तपासायचंही दुपारीच. मी पुढे बसले. टाकी भरलेली होती. गाडी निघाली, कामठी मागे पडली, ती बाभूळ मागे पडली. डांबर उन्हात लकाकत होतं आणि गाडी संथ गाणं गुणगुणावं तशी चालत होती.  मग आरशात बघत ताईंनी विचारलं,

"तुले हे कधीपासून होऊन राहिलं?"

भाचा म्हणाला, मला काय होतंय? ताई थांबून राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी लोकांसमोर असंच थांबून काढली आहेत. माणूस शेवटी बोलतोच. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबांनी त्या दुपारी फोन उचलला नव्हता. तेव्हापासून."

त्याचे वडील बँकेत जाऊन येतो म्हणून निघाले होते, वाटेत एका झाडाखाली टेकले आणि उठलेच नाहीत. खिशात फोन वाजत राहिला होता. तो फोन कोण करत होतं हे आम्हाला ठाऊक होतं, पण आमच्यापैकी कोणी त्याला कधी विचारलं नव्हतं. ताईंनी गाडी कडेला घेतली, एका कडुनिंबाखाली, आणि स्वतःच्या हाताने बंद केली. पर्समधल्या बाटल्यांना हात लावला नाही.

"औषध सांगते," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी मी इथे थांबीन. गाडी बंद करीन, तुला फोन करीन, आणि पुन्हा चालू करीन. तू ऐकायचं. बाकी काही करायचं नाही."

भाच्याने रुमालाने मान पुसली, मग तोंड, मग पुन्हा मान. रविवारी गाडी बघायला येणाऱ्या माणसाला त्याने तिथूनच फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाहीये. मला ताईंनी नवी रिंग आणून दिली, ती मी कुलपात ठेवते.

आता दर गुरुवारी आम्ही त्या कडुनिंबाखाली थांबतो. फोन धरायचं काम माझं. मी उतरते, बॉनेटपाशी उभी राहते, एका हाताने गॉगल सावरते. भाच्याच्या ऑफिसातली कुजबुज ऐकू येते, मग तो बाहेर जिन्यात येतो आणि सगळं शांत होतं. आत ताई किल्लीवर हात ठेवून बसलेल्या असतात. हल्ली त्यांच्या बोटांत पूर्वीचा जोर राहिला नाही, आणि पहिल्या खेपेला किल्ली कधीकधी पुरती फिरत नाही. पलीकडे भाचा कान लावून उभा असतो.  मी कार्बोरेटरसुद्धा म्हणत नाही. मग ताई पदराने हात पुसतात, पुन्हा किल्ली धरतात, आणि फोनमध्ये, बॉनेटमध्ये, माझ्या पायाखालच्या रस्त्यात ती म्हातारी गाडी घरघरून पेट घेते. अजून घेते.