इथे वर्णन लिहा

ज्यांना दिसत नाही त्यांनाही वेबसाइट वापरता यावी म्हणून ती कशी बांधायची, हे शिकायला मी आता जातोय. बारा वर्षं वेबसाइट बनवल्यावर! "काय सुंदर दिसते हो!" हे कौतुक ऐकण्यातच ती बारा वर्षं गेली.

काल वर्गात मालतीताई आल्या होत्या. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर संगणक मोठ्याने वाचतो आणि त्या ऐकतात. त्यांनी मी बनवलेली ग्रंथालयाची वेबसाइट उघडली. पहिल्याच फोटोवर संगणक म्हणाला, "चित्र. इथे वर्णन लिहा." पुढच्या फोटोवरही तेच. वेबसाइटसाठी विकत घेतलेल्या तयार साच्यातली ती सूचना माझ्यासाठी होती: फोटोत काय आहे ते इथे लिही. मी ती तशीच ठेवली होती, कारण ती पडद्यावर दिसत नव्हती. मथळ्याचा निळा रंग ठरवायला मात्र मी दोन दिवस घालवले होते.

"अहो, हा तर मलाच लिहायला सांगतोय," मालतीताई हसल्या. "काय आहे चित्रात?"

"खिडकीशी बसून एक मुलगी पुस्तक वाचतेय."

आणखी काही येईल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "एवढंच लिहायचं होतं?"